पडद्यावर मोडलेली हातगाडी

मित्रांनो, आर्वीच्या बाजारात कधी आलात आणि रस्त्याच्या उन्हाच्या बाजूला हिरवा रंग उडालेली, एक चाक कुरकुरणारी भाजीची हातगाडी दिसली, तर ती मीच. आता मी जुनी झाले आहे. गावातली माणसे सांगतात की मी एका हिंदी सिनेमात काम केले आणि तिथेच माझे तुकडे तुकडे झाले. यातले अर्धेच खरे आहे. वच्छलाबाई गिऱ्हाइकांत गुंतल्या आहेत तोवर मी तुम्हाला सगळी हकीकत सांगते.

चिंधू सुताराच्या अंगणात मी तयार झाले. माझी चौकट बाभळीची आहे आणि वरच्या फळ्या सागाच्या, कोणाच्या तरी जुन्या दाराच्या. चाके वर्ध्याहून आणली होती. माझा दांडा किती उंच असावा, हे मात्र वच्छलाबाईंनी स्वतः उभे राहून ठरवले. चिंधूने तो दोनदा कापला, तेव्हा कुठे त्यांचे समाधान झाले. मग मला हिरवा रंग लावला आणि उन्हात वाळत ठेवले. तो वास अजून मला आठवतो.

वच्छलाबाईंचे यजमान ताराचंद गावाच्या कडेला शेती करतात. विहिरीच्या पाण्यावर वांगी, मेथी, सांबार, बरबटी, भेद्रं असे काही ना काही वर्षभर निघते. शहरातल्या मुलांनो, भेद्रं म्हणजे टमाटे, सांबार म्हणजे कोथिंबीर आणि बरबटी म्हणजे चवळीच्या शेंगा. ताराचंद बोलायला कमी. त्यांनी भाजी तोडायची, धुवायची, आणि वच्छलाबाईंनी ती माझ्यावर रचून विकायची, अशी त्यांची वाटणी होती. बसस्थानकाकडून येणाऱ्या रस्त्यावर एक कडुनिंब आहे. त्याच्या सावलीत आमची जागा. गिऱ्हाईक म्हणायचे, वच्छलाबाईंची गाडी नुसती पाहिली तरी भूक लागते. वांगी एकीकडे, पालेभाजी ओल्या पोत्याखाली, भेद्रं समोर. माझ्यावर कधी धूळ नसायची. दर दिवाळीला मला नवा रंग मिळायचा.

बाजाराच्या दिवशी पोलीस ठाण्यातले एक जमादार यायचे. मोटारसायकल माझ्यापाशी थांबवायचे, पण खाली उतरायचे नाहीत. हँडलला एक पिशवी अडकवलेली असायची. वच्छलाबाई ती काढून घ्यायच्या, सर्वांत चांगली वांगी निवडून तिच्यात भरायच्या, वर मेथीची जुडी ठेवायच्या आणि हसून पिशवी परत अडकवायच्या. ते कधी काही मागत नसत. या कधी नाही म्हणत नसत. मित्रांनो, मी भोळी लाकडाची. मला कितीतरी वर्षे वाटत होते की ते वच्छलाबाईंच्या माहेरचे पाहुणे असतील.

मग आमच्या गावात सिनेमावाले आले.

वर्ध्याजवळच्या नालवाडीची नंदिनी नावाची मुलगी मुंबईला जाऊन सिनेमे काढायला शिकली होती. तिला एक हिंदी सिनेमा करायचा होता, मारामारीचा आणि हसवणुकीचाही. त्यात एक लाचखाऊ इन्स्पेक्टर होता. दुकानदाराकडून साखर घ्यायची, न्हाव्याकडून फुकट दाढी करून घ्यायची, चोराकडून चोरीतला वाटा घ्यायचा, आणि शेवटी सगळ्या गावाने त्याच्या मागे लागायचे, अशी ती कथा. इन्स्पेक्टरचे काम करणारा रोशन नावाचा नट बाहेरगावचा होता. पोट सुटलेला, चेहरा गोड, आणि ओठावर चिकटवलेल्या मिशा. तो जीपमधून उतरला की पोरे टाळ्या वाजवायची. त्याला मराठी कळायचे नाही, पण तो सगळ्यांना हात जोडायचा.

वच्छलाबाईंचा मुलगा वैभव तोवर कर्ता झाला होता. त्याने भाजी वाहायला छोटा टेम्पो घेतला होता. सिनेमासाठी भाजीची खरी हातगाडी हवी आहे असे कानावर आले, तेव्हा त्याने मला देऊन टाकले. आईला त्याने सांगितले की गाडी सिनेमात उभी करायची आहे. हे खरेच होते. फक्त पुढचे त्याने सांगितले नाही.

नंदिनीने मला पाहिले, आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या वच्छलाबाईंनाही पाहिले. भाजीवालीचे काम त्यांनीच करावे असा तिने आग्रह धरला. काम अगदी थोडे होते. इन्स्पेक्टरने येऊन पिशवी पुढे करायची, दोन्ही हातांनी भाजी ओरबाडायची आणि निघून जायचे. वच्छलाबाईंनी बिचाऱ्यासारखे पाहत राहायचे. त्या लाजल्या, नको नको म्हणाल्या, पण ठेवणीतले लुगडे नेसून आल्या.

कॅमेरा सुरू झाला. रोशन ऐटीत चालत आला. तो पिशवी पुढे करतो न करतो तोच वच्छलाबाईंनी ती त्याच्या हातातून घेतली, चांगली चांगली वांगी निवडून भरली, वर मेथीची जुडी ठेवली आणि हसून परत दिली. त्यांचे हात आपोआप चालले होते. ओरबाडायला काही उरलेच नाही, म्हणून रोशन बावळटासारखा उभा राहिला. सगळे खदखदून हसले. नंदिनी तर इतकी खूश झाली की तिने वच्छलाबाईंना बोलावून छोट्या पडद्यावर त्यांचे काम दाखवले.

मी बाजूलाच होते. वच्छलाबाई वाकून पाहत होत्या. पडद्यावर एक बाई खाकी कपड्यांकडे पाहून हसत होती. मान थोडी खाली, खांदे आत ओढलेले, आणि तोंडभर हसू. वच्छलाबाईंनी पुन्हा दाखवायला सांगितले. पुन्हा पाहिले.

“मी अशी हासतो का वं, पोरी?” त्यांनी हळूच विचारले.

नंदिनीला वाटले त्या खूश आहेत. फार छान, अगदी खरे वाटते, असे ती म्हणाली. वच्छलाबाई पडद्यापासून दूर झाल्या. त्या माझ्यापाशी येऊन बसल्या. कोणी चहा दिला तो तसाच निवला. त्या दिवशी मला पहिल्यांदा उमगले की जमादार माहेरचे पाहुणे नव्हते.

एका बसचा भोंगा मध्येच वाजला होता, म्हणून तेच दृश्य पुन्हा घ्यायचे ठरले. रोशन पुन्हा ऐटीत चालत आला. पिशवी पुढे केली. या वेळी वच्छलाबाईंनी पिशवी घेतली नाही. तराजू उचलला, पारडे रिकामे करून सरळ धरले आणि विचारले,

“किती तोलू, साहेब?”

असे काही ठरलेले नव्हते. रोशनला शब्द कळले नाहीत, पण तराजू कळला. तो गोंधळला आणि पैसे काढावेत म्हणून खिशात हात घालू लागला. शिंप्याने त्या खाकी पँटचे खिसे वरवर शिवलेले होते, आत पोकळी नव्हतीच. तो इकडचा खिसा चाचपी, तिकडचा चाचपी. वच्छलाबाई तराजू धरून शांत उभ्या होत्या. लोक पोट धरून हसत होते आणि नंदिनी कॅमेरा थांबवत नव्हती. गर्दी आवरायला दोरीपाशी आमचे जमादारही उभे होते. ते हसले नाहीत. आपल्या मोटारसायकलकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी माझ्या मरणाचे दृश्य होते. पळणाऱ्या इन्स्पेक्टरची जीप भाजीच्या गाडीवर आदळणार, गाडीचे तुकडे उडणार, भेद्र्यांचा पाऊस पडणार. मित्रांनो, असले सिनेमे तुम्ही पाहिले असतील. त्यात हातगाडी दिसली की ती मोडणार, हे ठरलेलेच असते. मी सकाळपासून जीपकडे पाहत होते. लाकडाला पळता येत नाही.

ताराचंदांनी नासकी भेद्रं टोपल्यांत भरून आणली होती. चांगली भेद्रं मातीत घालवायला त्यांनी साफ नकार दिला होता. ती माझ्यावर रचली जात असताना वच्छलाबाई आल्या. काय चालले आहे ते त्यांना एका क्षणात कळले. त्यांनी मुलाला बाजूला घेतले, पण मला ऐकू येण्याइतके जवळच.

“वैभव, तू तिले मोडाले काऊन देल्ली?”

वैभवने मान खाली घातली. “आई, टेम्पो हाय ना आता आपल्यापाशी. गाडी जुनी झाली. तुह्ये गुडघे दुखतेत. किती दिवस ढकलत राह्यशीन?”

“जुनी तर मीबी झालो. मले कोणाले देशीन?”

 वैभवचे डोळे भरले. आईचे हाल थांबावेत एवढेच त्याच्या मनात होते, हे वच्छलाबाईंनाही ठाऊक होते. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग येऊन माझा दांडा धरला आणि तशाच उभ्या राहिल्या. ना रडल्या, ना भांडल्या.

नंदिनी सगळे पाहत होती. जीप तयार होती, माणसे खोळंबली होती, तिच्या मदतनिसांची कुजबूज चालली होती. ती वच्छलाबाईंजवळ आली आणि म्हणाली की मावशी, मी तुम्हाला आधी विचारायला हवे होते, चुकलेच. मग तिने चिंधू सुताराला बोलावणे पाठवले. त्याने खोक्यांच्या पातळ फळ्यांची एक गाडी ठोकून दिली. रंग तोच दिला. माझ्या डाव्या बाजूचा ओरखडासुद्धा तिच्यावर काढला.

तिसऱ्या दिवशी मी कडुनिंबाखाली उभी राहून माझ्यासारखीच एक गाडी मोडताना पाहिली. जीप आली, एकच आवाज झाला, आणि हिरव्या फळ्या हवेत उडाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र त्या बिचारीची कीव आली. ती एकच दिवस जगली आणि तिच्यावरून कोणी एक जुडीही विकत घेतली नाही.

सिनेमावाले गेले. पुढच्या बाजाराला जमादार आले. नेहमीसारखी मोटारसायकल थांबवली. पिशवी हँडलला होती.  तिथे कॅमेरा नव्हता, हसणारे कोणी नव्हते.  वच्छलाबाईंनी तराजू उचलला आणि तोच प्रश्न तशाच सरळ आवाजात विचारला.

जमादारांनी तराजूकडे पाहिले. मग मोटारसायकल सुरू करून ते निघून गेले.

संध्याकाळी ठाण्यातून निरोप आला की कडुनिंबाखालच्या गाडीमुळे रहदारीला अडथळा होतो, ती हलवा. फक्त आमचीच गाडी. वच्छलाबाईंनी मला ढकलत समोरच्या बाजूला आणले. इथे दुपारभर ऊन असते. पालेभाजी लवकर सुकते, पोत्यावर सारखे पाणी मारावे लागते. वैभवने माझ्यावर जुन्या ताडपत्रीचे छप्पर बांधून दिले. सुरुवातीला गिऱ्हाईक कमी झाले. घरी ताराचंदांनी एकदाच विचारले की पुन्हा पिशवी भरायची का. वच्छलाबाई नाही म्हणाल्या, आणि तो विषय संपला. हळूहळू माणसे रस्ता ओलांडून येऊ लागली.

सिनेमा लागला तेव्हा थोडे दिवस माझा थाट होता. लोक माझ्या फळ्या ठोकून पाहायचे आणि ही तर मोडली होती म्हणायचे. पोरे माझ्यासोबत फोटो काढायची. तराजूच्या प्रसंगाला म्हणे थिएटरात सर्वांत जास्त हशा पिकला. मग दुसरे सिनेमे आले आणि लोक मला विसरले. उन्हाने माझा रंग गेला. एक पावसाळा मी उघड्यावर काढला, तेव्हा चाक गंजले. ते कुरकुरते ते तेव्हापासून.

मध्यंतरी जमादार नोकरीतून निवृत्त झाले. एका बाजाराला ते पायी आले. अंगात साधा सदरा, हातात स्वतःची पिशवी. माझ्यासमोर थांबून त्यांनी वांग्यांचा भाव विचारला. वच्छलाबाईंनी सांगितला. जमादार म्हणाले, महाग आहेत, थोडे कमी करा. वच्छलाबाई म्हणाल्या, परवडत नाही. ते म्हणाले, पलीकडे स्वस्त मिळतात. त्या म्हणाल्या, मग पलीकडून घ्या. असे बराच वेळ चालले. वच्छलाबाई हात नाचवून, मान उडवून, आवाज चढवून भांडत होत्या, आणि त्यांना इतक्या आनंदात मी क्वचितच पाहिले होते. शेवटी दोघांनीही थोडे थोडे सोडले. जमादारांनी पैसे मोजून दिले. वच्छलाबाईंनी वांगी तोलली आणि वर सांबाराच्या चार काड्या टाकल्या, जशा त्या सगळ्याच गिऱ्हाइकांना टाकतात.

मित्रांनो, मी तुमच्याकडे फार काही मागत नाही. माझ्यासारख्या गाड्या तुमच्याही गावात असतील. त्यांच्यावरची भाजी उचललीत तर तिचा भाव विचारा, पाहिजे तर घासाघीस करा, पण विकत घ्या. घरात जुनी वस्तू असेल तर ती देऊन टाकण्याआधी तिचा दांडा कोणाच्या हातात असतो, त्या माणसाला विचारा. बाजारातून घरी जाताना आमच्या वाटेवर एक चढ आहे. वच्छलाबाईंचे गुडघे तिथे थांबतात आणि मी मागे सरू लागते. एखाद्या चढावर अशी अडलेली गाडी तुम्हाला दिसली, तर काही बोलू नका. मागून फक्त हात लावा.