तिसऱ्या कडव्यातला ध

माझा नवरा गौरेश बेस गिटार वाजवतो. लग्न ठरलं तेव्हा चोपड्याची माझी मावशी त्याच्या गिटारच्या तारा मोजून आली आणि आईला बाजूला घेऊन म्हणाली की मुलगा चांगला आहे, पण चारच तारा आहेत. बाकीच्या दोन लग्नानंतर बसवील. ह्याला बावीस वर्षं झाली. बेसला तारा चारच असतात, पण मावशी अजून वाट पाहते आहे.

पेडण्यापासून डिचोलीपर्यंत कुठलंही रेकॉर्डिंग असो, आधी गौरेशच्या तारखा विचारतात आणि मग गायकाच्या. भजनं, तियात्र ह्या कोकणी संगीतनाट्यातली गाणी, नाटकाचं पार्श्वसंगीत, सगळं त्यानं वाजवलंय. एका निवडणुकीत एकाच आठवड्यात दोन्ही मोठ्या उमेदवारांची प्रचारगीतं वाजवली. दोघेही पडले, तिसराच निवडून आला, पण त्यात बेसचा दोष नव्हता. त्याला एवढी मागणी का, तर तो वेळेवर येतो, कागद एकदाच बघतो, बोलत नाही आणि चुकत नाही. न बोलण्याचा लाभ मलाही मिळतो.

लग्नानंतर चौथ्या दिवशी मात्र त्यानं खोलीचं दार लावलं आणि म्हणाला की तुझ्यापासून एक गोष्ट लपवली आहे. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली. मग तो म्हणाला की होडीच्या गाण्यात तिसऱ्या कडव्याला सा वाजवायचा होता आणि ध वाजला. मी पुढचं ऐकायला थांबले, पण पुढे काही नव्हतंच. एवढंच होतं.

होडीचं गाणं म्हणजे मुळगावच्या संगीतकार शिवदास मास्तरांचं भक्तिगीत. आमच्याकडे ज्या घरात टेपरेकॉर्डर होता त्या घरात ती कॅसेट होती. नव्याण्णव साली म्हापशाच्या एका स्टुडिओत ते रेकॉर्ड झालं. गौरेश तेव्हा पंचविशीचा. सगळे वादक एकदमच वाजवत होते आणि गायिका कमलबाईंना सहाची बस धरायची होती, त्यामुळे पुन्हा घेऊ म्हणण्याची सोय नव्हती. आवाज नको म्हणून पंखा बंद, खिडक्यांची जनेलं बंद. तिसऱ्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीवर गौरेशच्या कानामागे डास चावला आणि त्याचा डावा हात गिटार सोडून तिकडे गेला. सा हवा असेल तर त्या हाताचं बोट तिसऱ्या पडद्यावर दाबावं लागतं. बोट नसेल तर मोकळी तार वाजते, आणि ती तार ध ची होती. घाबरून त्यानं हात परत आणला, कसंबसं सावरलं आणि गाणं संपवलं. मास्तर म्हणाले, झालं. कमलबाईंना बस मिळाली.

ते कडवं पैलतीर दिसल्याच्या आनंदाचं. पण खाली तो ध आला आणि नेमका आनंदातच ऐकणाऱ्याचा गळा भरून येऊ लागला. गाणं गाजलं ते त्या जागेमुळे. मास्तरांच्या मुलाखती झाल्या, सत्कार झाले. त्या सुराबद्दल विचारलं की मास्तर डोळे मिटून म्हणत, काही गोष्टी सुचाव्या लागतात. लोक माना डोलवत. कार्यक्रम असला की गौरेशला तो सूर पुन्हा वाजवावा लागे, आणि हुबेहूब वाजावा म्हणून तो हातही तसाच कानाकडे नेई. हल्ली मुलं बेस शिकतात तेव्हा तिसऱ्या कडव्याला तीसुद्धा हात कानाकडे नेतात. त्यांना ती शैली वाटते.

मी पेडण्याच्या हायस्कुलात गणित शिकवते. पायरी चुकवून बरोबर उत्तर काढणाऱ्याचे मी गुण कापते. नवऱ्याचे मात्र मी कधी कापले नाहीत. उलट मीच चिडायचे, की झालं ते चांगलं झालं, आता पुरे. पण त्याला पुढची सगळी कामं मिळाली ती त्या गाण्यामुळे. पहिल्यांदा भेटणारा माणूस म्हणे, तो ध तुम्हीच ना वाजवला? आणि हा खाली बघे. एकदा जेवताना तो मला म्हणाला की आपण हजार गाणी वाजवली असतील, त्यातला लोकांच्या लक्षात राहिलेला सूर एकच, आणि तो आपण वाजवलेलाच नाही. मग आपल्याला वाजवता येतं की नाही हे कुणाला विचारायचं? मी त्याच्या ताटात डावभर भात आपटला.

गेल्या वर्षी गाण्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून डिचोलीत कार्यक्रम ठरला. रविवारी संध्याकाळी पाचला. सकाळी शर्टाला इस्त्री करता करता गौरेश म्हणाला की आज मी सा वाजवणार, लिहिलाय तसा. मी त्याला सांगितलं की मास्तर ऐंशीच्या पुढे गेलेत, कमलबाई गुडघ्याला पट्टा लावून यायच्या आहेत, सगळा तालुका त्या एका जागेसाठी येणार आहे, तेव्हा आजचा दिवस सोड. त्यानं कॉलर नीट दाबून घेतली. आमच्यात हा होकारही असतो आणि नकारही.

हॉल भरला होता. मास्तर पहिल्या रांगेत, मी तिसऱ्या. पहिली दोन कडवी छान झाली. तिसरं सुरू झालं तशी पुढची माणसं खुर्चीत सरसावून बसली, काहींनी मोबाइल उंच धरले. गौरेशचा डावा हात जिथे होता तिथेच राहिला. सा वाजला, अगदी स्वच्छ. आणि काही झालं नाही. मीठ विसरलेल्या पेजेसारखी ती ओळ गेली. कमलबाईंनी गाता गाता वळून पाहिलं. माझ्या शेजारचा गृहस्थ बायकोला म्हणाला की गेला, वय झालं ह्याचं. मी स्टेजवर पाहत होते. गौरेशचा चेहरा मला पाठ आहे. पंचवीस वर्षं जे बरोबर वाजवायचं राहिलं होतं, ते वाजवल्यावर त्याला कळलं होतं की ते काही खास नाही.

मास्तर काठी टेकत उठले आणि त्यांनी हात वर केला. वाद्यं थांबली. कुणीतरी धावत जाऊन माइक दिला.

"गौरेश, चुकलस. परत वाजव."

गौरेश स्टेजवर फारसा बोलत नाही. त्याला माइकही दिलेला नसतो. तो कमलबाईंच्या माइकपाशी आला.

"मास्तर, तुमी लिवल्यात ता ह्याच."

मोबाइल उंच धरलेले हात खाली आले. मास्तरांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"माका ठावक आसा. मी लिवलेला बरा नाय हुता."

मग उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. त्या दिवशी ध ऐकल्याबरोबर थांबवायला आपण हात उचलला होता, पण तो अर्ध्यावरच राहिला. हे आपल्याला सुचलं नव्हतं, सुचलंही नसतं. पहिल्या सत्काराला खरं सांगायचं मनात होतं, पण तोवर हार गळ्यात पडला होता, आणि पुढच्या प्रत्येक हाराला आपणच मान पुढे केली. कुणीतरी खुर्ची पुढे केली, पण ते खाली बसले नाहीत. शेवटी म्हणाले की तो सूर गौरेशचा.

इथे कुठलाही शहाणा माणूस नमस्कार करून गप्प राहिला असता. माझा नवरा म्हणाला, "माझो नाय. माका डास चावलो हुतो, हात सुटलो."

लोक हसले. गौरेश हसला नाही आणि मास्तरही हसले नाहीत. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. वर्गात हुशार मुलगा सोपं गणित चुकला की मी तशी बघते.

"डासान एकच सूर वाजयल्यान," ते म्हणाले. "ध वरसून सा वर परत येवचे फुडचे चार सूर कोणी वाजयले? ते मी लिवलेले नव्हते. ते चार नसते तर तो ध सगळ्यांका चूक म्हणानच आयकाक इलो असतो."

गौरेशनं उजव्या हातानं तार हलकेच छेडली, बहुधा ते चार सूर आठवून पाहिले. पंचवीस वर्षं तो ते वाजवत होता आणि ते त्यानं एकदाही मोजले नव्हते. मग जागेवर जाऊन त्यानं कमलबाईंना खूण केली. तिसरं कडवं पुन्हा झालं. मी रडले. शेजारचा गृहस्थही रडत होता, त्याला मी माफ केलं.

घरी येताना गाडी तोच चालवत होता. डिचोली मागे पडल्यावर म्हणाला, "त्या चारांतलो तिसरो सूर तेव्हा वायच उशिरा इललो."

मी त्याला सांगितलं की ह्या सुरासाठी आणखी पंचवीस वर्षं थांबायला मला सवड नाही. तो हसला, आणि घर येईपर्यंत स्टिअरिंगवर बोटांनी ते चार सूर वाजवत राहिला. तिसरा वेळेवर येत होता.