गेल्या वर्षीच्या विटा

अजलूनच्या डोंगरात थंडीने कहर केला, आणि अबू नायेफने जळणासाठी दारातलं ओकचं झाड तोडायचं ठरवलं. झाड त्याच्याच जमिनीत, म्हणजे कुणी बोलायची सोय नाही. पण त्याच्या धाकट्या भावाची विधवा बायको, फिद्दा, बोललीच. नवऱ्याचा शेवटचा उन्हाळा त्या झाडाखाली गेला होता. ते पडलं असतं तर ती पार मोडून गेली असती.

"ऑलिव्हच्या चोथ्याच्या विटा देते, भावजी. त्यावर शेगडी पेटवा."

दिल्या. पण घाई नडली! तेलघाण्यावरून यंदाचा ओला चोथा आणला, दाबून विटा केल्या आणि आठ दिवसांत पोचत्या केल्या. अहो, चोथा अख्खा उन्हाळा गच्चीवर तापायला हवा, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. शेगडीने असा धूर सोडला, की अबू नायेफचे पाहुणे खोकत खोकत अंगणात पळाले.

"जीव घेतेस का गं?" तो ओरडला. "उद्या कुऱ्हाड!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच फिद्दा पोतं घेऊन त्याच्या घरी हजर. जाऊबाईंनी कॉफी दिली. फिद्दाने पेला तोंडाला न लावता समोर जमिनीवर ठेवला. अबू नायेफचा चेहरा उतरला. मागणं घेऊन आलेला पाहुणा असा पेला ठेवतो, होकार मिळाल्यावरच कॉफी पितो, आणि त्याला तसंच परत पाठवणं म्हणजे सात गावांत नाचक्की.

"परक्यांचे रिवाज घरात कशाला आणतेस?"

"घरची म्हणून कुठे ऐकलंत? मग परकी होऊन आले."

जाऊबाई ओढणीआड हसल्या.

"बोल, काय हवंय?"

"या विटा गेल्या वर्षीच्या, खडखडीत वाळलेल्या. माझ्या शेगडीसाठी ठेवल्या होत्या. दुपारच्या नमाजापर्यंत खोली गरम राहिली नाही, तर कुऱ्हाड मीच आणून देते."

चार विटा घातल्या. धूर आला नाही. तास गेला, दोन गेले. अबू नायेफने आधी डोक्याचा रुमाल सैल केला, मग मेंढीच्या कातड्याचा झगाच काढून ठेवला.

अजान झाली. त्याने शेगडीवर हात धरला आणि चटका बसताच मागे घेतला.

"किती आहेत अशा?"

"एका घराला हिवाळाभर पुरतील. दोन घरांना नाही."

त्याने पोत्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मग तू इकडेच बसायला येत जा," तो म्हणाला. "धाकटा गेल्यापासून तिकडे एकटीच कुडकुडतेस. आम्हीही कधी विचारलं नाही."

फिद्दाला रडू आवरेना. तिने गार झालेली कॉफी उचलली आणि एका घोटात संपवली.