टोनूचा विस्तीन

मी एक म्हातारा, लंगडा आणि खरं सांगायचं तर जरा गर्विष्ठ घोडा आहे, मित्रांनो. गर्व का नसावा? एके काळी अख्खा माल्टा मला नावानं ओळखायचा!

माझा जन्म फ्रान्समधल्या हिरव्या कुरणातला. ऐन उमेदीत मला जहाजात घालून या उन्हाच्या बेटावर आणलं. इथं गवत कमी आणि दगड फार. माझं लांबलचक फ्रेंच नाव कुणाच्या जिभेला वळेना, म्हणून विस्तीननं मला 'टोनू' करून टाकलं. विस्तीन माझा मालक. शर्यतीत माझ्यामागच्या दोन चाकांच्या हलक्या गाडीत बसणाराही तोच.

आमची शर्यत जरा वेगळी असते. आम्ही दुडक्या चालीनंच पळायचं. चौखूर उधळलात की बाद! सांगायला सोपं आहे हो. शेजारचा घोडा अंगावर येतो, लोक ओरडतात, रक्त उसळतं, आणि तरी पाय आवरायचे. अशा वेळी मागून विस्तीन हळूच म्हणायचा, "नाही रे राजा, नाही. आपली चाल आपली." तो आवाज ऐकला की माझे पाय ताळ्यावर यायचे.

सकाळचा सराव भर रस्त्यात. मागे बस खोळंबायची आणि ड्रायव्हर ओरडायचा, "अरे, त्या घोड्याला घरी झोपव आणि आम्हाला कामाला जाऊ दे!" विस्तीन मागे न बघता म्हणायचा, "एवढी घाई असेल तर ह्याच्या पुढे जाऊन दाखव!" मग मला समुद्रात उतरवून तो माझे पाय चोळत बसायचा.

त्याची बायको दोलोर हे पाहून फणफणायची. "माझ्या स्वयंपाकघराचं छत गळतंय आणि तबेल्याला नवं छप्पर! माझ्या बाळंतपणात तरी एवढे पाय चोळलेस का रे?" मला ती 'मेला' म्हणायची. मीही संधी मिळाली की तिचे वाळत घातलेले कपडे चघळायचो. फिट्टंफाट!

मार्साच्या मैदानावरची बेटाची सर्वांत मोठी शर्यत मी जिंकली, आणि एकदाच नाही, पुन्हा पुन्हा जिंकली. पहिल्या वेळी विस्तीन माझ्या मानेला मिठी मारून लहान मुलासारखा रडला. गावात फटाके उडाले, बँड वाजला, पाद्रीबाबासुद्धा मला हात लावायला गर्दीत घुसले. आमच्या गावात प्रत्येकाला टोपणनाव असतं. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं 'टोनूचा विस्तीन'. म्हणजे बघा, मी त्याचा नाही, तो माझा!

पुढे एका शर्यतीत माझ्या पुढच्या पायाची नस तुटली. डॉक्टरांनी मान हलवली. जखम भरली, पण पाय लंगडाच राहिला. थोड्याच दिवसांत तबेल्यात एक तरणी घोडी आली. माझी जागा तिला मिळाली, मला कोपरा. तिचं काही चुकलं नाही, बिचारी गुणी आहे. पण विस्तीन तिचे पाय चोळत बसला की मी भिंतीकडे तोंड करून उभा राहायचो. वाईट वाटायचं हो, फार वाईट वाटायचं.

एका दुपारी खानावळवाला नार्दू आला. इथं घोड्याचा रस्सा आवडीनं खातात, वाडवडिलांपासूनची रीत आहे. नार्दूनं माझ्या पाठीवर थाप मारली. "म्हातारा झालाय, पण वाइन ओतून मंद आचेवर ठेवला की होईल मऊ. दोन-दोन घोडे कुठे पोसत बसतोस?"

विस्तीन जमिनीकडे बघत म्हणाला, "ने मग उद्या."

इतक्या वर्षांत या लोकांची भाषा मला चांगलीच कळायला लागली होती.

दोलोर अंगणात कपडे वाळत घालत होती. ती तडक आत गेली आणि एक ताट घेऊन आली. ते तिनं विस्तीनच्या हातात कोंबलं.

"ने रे नार्दू, खुशाल ने. पण रश्श्याचं पहिलं ताट इथं आणून द्यायचं. हा माझ्यासमोर बसून खाणार."

"अगं, असं काय करतेस..." विस्तीन पुटपुटला.

"का? घशाखाली उतरणार नाही? मला हा मेला कधी आवडला नाही, आजही आवडत नाही. पण उद्यापासून गावानं तुला कुणाचा विस्तीन म्हणायचं? नार्दूच्या रश्श्याचा?"

विस्तीन हसायला गेला आणि त्याला रडूच फुटलं. ताट खाली पडलं. त्यानं माझ्या मानेला मिठी मारली. माझा त्याच्यावर राग होता, खोटं कशाला सांगू? तरी मी मान त्याच्या खांद्यावर टेकवली. आपलं माणूस चुकलं तर त्याला थोडं सांभाळूनही घ्यावं लागतं. नार्दू टोपी सारखी करत म्हणाला, "जाऊ दे बाई, मी आपला ससाच शिजवतो."

आता मी विस्तीन-दोलोरच्या शेतात अंजिराच्या झाडाखाली असतो. घोडी सराव करते आणि मी उभ्या उभ्या तिच्या चुका काढतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादा म्हातारा कुत्रा असेल, एखादी भाकड गाय असेल. त्यांना कोपऱ्यात टाकून विसरू नका. रोज जरा वेळ त्यांच्यापाशी जाऊन उभे राहा, पाठीवरून हात फिरवा. आम्हाला तेवढंही पुरतं.

परवा एक परका माणूस कुंपणाशी थांबला. दोलोर मला पाव भरवत होती. त्यानं विचारलं, "हा लंगडा आता काय कामाचा?"

"कामाचा कशाला असायला हवा?" ती म्हणाली. "आमचा आहे तो."