मापाबाहेरचा टर्बो

१९७४ साल होतं. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीत होता. वारंगा फाट्याजवळ तातेरावांची खडी फोडायची मशीन दिवसभर धडधडायची. मित्रांनो, त्या मशीनच्या इंजिनाला लावलेला मी एक जुना टर्बोचार्जर आहे.

माझं अंग ओतीव लोखंडाचं. आत एकाच दांड्यावर दोन चाकं. इंजिनाचा धूर एक चाक फिरवतो, त्यासरशी दुसरं फिरतं आणि इंजिनात हवा कोंबतं. हवा जास्त, तर जोर जास्त. धरणावर माती वाहणाऱ्या अवाढव्य डंपरसाठी मला घडवलं होतं. तिथं माझं फार कौतुक व्हायचं. एक दिवस डंपर भरावावरून कोसळला आणि मी भंगारात आलो.

तातेरावांच्या इंजिनाचा लहान टर्बो झिजला, तेव्हा त्यांनी मला उचलून आणलं. मिस्त्री धर्मसिंगनं मान हलवली.

"मालक, ह्यो डंपरचा. आपल्या इंजिनाचा धूर ह्याला पुरायचा न्हाई."

"अरे, मोठा म्हणजे जोर मोठा! खोंडासंगं वळू जुंपला तर नांगर पळतोच की."

पाट्या वाहणारी पद्माबाई हसली. "नांगर पळंल मालक, खोंडाची मान मोडंल."

"तू दगडं उचल!"

लहान चाक थोड्या धुरातही लगेच फिरतं, पण फार हवा देऊ शकत नाही. मोठं चाक भरपूर हवा देतं, पण त्याला आधी भरपूर धूर लागतो. मशीनच्या खडी फोडणाऱ्या जबड्यात दगड पडले की इंजिन दबायचं, मी सुस्त पडायचो आणि ते काळा धूर ओकत घुसमटायचं. मग तातेरावांनी डिझेल वाढवून, ते कमी-जास्त करायची दांडी तिथंच तारेनं बांधायला लावली. धर्मसिंग नको म्हणाला, तर त्याच्या कानाखाली बसली.

तिथं एक वाईट रीत होती. दगड अडकला तरी इंजिन बंद करत नसत. चालू जबड्यात पहार घालून तो फोडत. ते काम पद्माबाईचा नवरा मुंजाजी करायचा. त्या दिवशी अडकलेला दगड फुटला, जबडा मोकळा झाला, दबलेलं इंजिन उसळलं. धुराचा लोट माझ्यावर आदळला आणि मी जागा झालो. उशिरा, पण पुऱ्या ताकदीनं. मी किंचाळत हवा कोंबत राहिलो. बांधलेली दांडी मागं येईना. इंजिनावरून मशीन फिरवणारा पट्टा तुटला, उलटा फिरला आणि मुंजाजीचा उजवा हात कोपरापासून घेऊन गेला. रक्त माझ्या तापल्या अंगावर चरचरलं.

धर्मसिंगनं तार तोडून इंजिन बंद केलं. तातेराव मुंजाजीवरच ओरडले, "नीट हुबं ऱ्हाता येत न्हाई व्हय रे?"

पद्माबाईनं घण उचलला. "मालक, तुमच्या टकुऱ्यात घालू, का ह्याच्यात?"

तातेराव मागं सरले. घण माझ्यावर पडला. माझं कवच फुटेपर्यंत पडत राहिला.

मुंजाजी वाचला. डाव्या हातानं चहा ओतायला शिकला आणि फाट्यावर त्याचं हॉटेल चाललं. धर्मसिंग नांदेडला गेला; माप जुळल्याशिवाय त्यानं कुणाला टर्बो लावून दिला नाही. तातेरावांनी मापाचा टर्बो आणला, पण चालू मशीनमध्ये पहार घालायला पुन्हा कुणी उभं राहिलं नाही. म्हातारपणी ते मुंजाजीकडेच चहा प्यायचे, मान खाली घालून.

मला पद्माबाईनं घरी नेलं, परत कुणी लावू नये म्हणून. मित्रांनो, मी दुबळा नव्हतो. माझी ताकद सगळ्यांनी पाहिली, इंजिनाचा दम कुणी पाहिला नाही. यंत्राला यंत्र जोडताना दोघांचं माप पाहा. आणि काही अडकलं, तर आधी इंजिन बंद करा.

मी दाराशी पडून असायचो. मुंजाजी माझ्यावर पाय ठेवून चपलेचा पट्टा लावायचा. एका हातानं तो लावायला वेळ लागतो. तेवढा वेळ मी त्याचा भार तोलून धरायचो.