मापकाठीची चार बोटं

मी एक जुनी काठी आहे, मित्रांनो. पण मी म्हाताऱ्याच्या हातातली नाही आणि गुराख्याच्या हातातलीही नाही. मी मापकाठी आहे. नॉर्वेतल्या वोस खोऱ्यात घरोघरी बिअर उकळतात. तिथल्या एका तांब्याच्या हंड्यात किती काढा उरला आहे हे सांगणं, एवढंच माझं काम. माझ्या अंगावरच्या खाचा पाहा आणि मग माझ्या पायाकडे पाहा. तिथे एक सांधा दिसेल. ही त्या सांध्याची गोष्ट आहे, आणि ती गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्मच सुरीखाली झाला. तोर्मोद नावाच्या शेतकऱ्याने डोंगरउतारावरचं ज्युनिपरचं झाड तोडलं, माझी साल सोलली आणि मला चुलीशेजारी वाळत टाकलं. मग रिकाम्या हंड्यात त्याने एक बादली पाणी ओतलं, मला मधोमध उभं धरलं आणि पाणी जिथवर आलं तिथे खाच पाडली. दुसरी बादली, दुसरी खाच. हंडा काठोकाठ भरेपर्यंत असंच चाललं. हंड्याचा तळ गोल, त्यामुळे खालच्या खाचा दूरदूर आणि वरच्या जवळजवळ आल्या. पाहणाऱ्यांना वाटायचं, तोर्मोदने पिऊन खाचा पाडल्यात. पण त्या हंड्यात माझा शब्द शेवटचा होता. शेजारच्या हंड्यात मात्र मला कोणी विचारलं नसतं.

आठव्या खाचेवर त्याने एक फुली कोरली. मोड आणून वाळवलेल्या जवाचा गोड काढा हंडाभर चढवायचा, उकळून उकळून फुलीपर्यंत आटवायचा आणि आग ओढून घ्यायची. काढा फुलीच्या वर राहिला तर बिअर पाणचट, खाली गेला तर डोक्यात चढणारी. उकळत्या फेसात काही दिसत नाही, म्हणून आधी निखारे बाजूला सारायचे, काढा निवळू द्यायचा आणि मग मला तळाला टेकवायचं. दर वेळी मी पोळून निघायची. तरी तोर्मोद फुलीवरचा ओला डाग पाहून हसायचा तेव्हा मला फार बरं वाटायचं.

तोर्मोद मापाला खरा होता, हाताचा मात्र जड होता. त्याचे दोन मुलगे, थोरला सिवर्ट आणि धाकटा अनफिन, हंड्यातून गोड काढा चोरून प्यायचे. सापडले की तोर्मोद मलाच त्यांच्या पोटऱ्यांवर ओढायचा. अनफिन बोंब मारत पळून जायचा. सिवर्ट रडायचा नाही. तो माझ्याकडे बघत राहायचा. काठी कोणाच्या हातात असावी, हे तो तेव्हाच शिकला असावा.

आमच्याकडे एक रीत आहे. काढा कोमट झाला की त्यात यीस्ट टाकतात आणि टाकताना जोरात आरोळी ठोकतात. आरोळी देणाऱ्याच्या मनात जे असेल ते बिअरमध्ये उतरतं आणि पिणाऱ्याच्या अंगात जातं, असं लोक मानतात. तोर्मोदच्या आरोळीने कोंबड्या उडायच्या आणि माणसं हसायची. तो गेला, घर सिवर्टकडे आलं आणि आरोळी बदलली. सिवर्ट ओरडला की त्याची मुलगी हेरबोर्ग कानावर हात ठेवायची.

सिवर्टची बायको गुरो. तिला तो आधी हाताने मारायचा, मग पट्ट्याने, आणि पुढे पुढे मला हातात घेऊन. चर्चमध्ये बायका विचारायच्या, "काय गं गुरो, लंगडतेस का?" ती म्हणायची, "कोठाराच्या पायऱ्यांवरून घसरले." बायका मान डोलवायच्या. त्या पायऱ्यांवरून दुसरं कोणी कधी पडलं नव्हतं, पण हे कोणी बोलून दाखवलं नाही. मला राग सिवर्टचा होता तितकाच त्या मानांचाही होता.

त्या वर्षी नाताळच्या बिअरसाठी वाळत घातलेल्या जवाला धूर लागला.

"थोडी धुराची चव येईल, एवढंच ना," गुरो म्हणाली.

"गाव माझ्या घरी पिऊन तोंड वाकडं करेल, आणि तू म्हणतेस एवढंच?"

"अहो, हेरबोर्ग बघतेय."

"बघू दे. तिलाही उद्या घर चालवायचंय."

त्याने दार लावलं. खुंटीवरून मला काढलं. मी तिच्या पाठीवर पडले, दंडावर पडले. ती खाली वाकली तशी मी तिच्या बरगड्यांवर पडले. हेरबोर्ग मध्ये आली तर त्याने तिला कोपराने भिंतीवर फेकलं. शेवटचा वार गुरोच्या खांद्याच्या हाडावर बसला आणि माझा पाय तुटला. चार बोटांचा तुकडा बाकाखाली घरंगळत गेला. मित्रांनो, लाकडालाही दुखतं. पण त्या दिवशी माझं दुखणं सांगायची मला लाज वाटते.

सिवर्ट धापा टाकत बसला. मग त्याने सुरी घेतली आणि माझा फुटका पाय तासून सपाट केला, म्हणजे मी हंड्यात सरळ उभी राहीन. इतका गुळगुळीत तासला की बघणाऱ्याला काही कळू नये. एवढं करताना एक गोष्ट तो विसरला. माझ्या सगळ्या खाचा पायापासून मोजलेल्या होत्या. पाय गेला म्हणजे फुली चार बोटं खाली उतरली. जमीन पुसताना गुरोने माझा तुकडा उचलला आणि ॲप्रनच्या खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी पहाटे हंडा चढला. काढा माझ्या जुन्या मापाला आला तेव्हाच आग ओढायला हवी होती. सिवर्ट मला बुडवायचा, पण माझी फुली आता चार बोटं खाली होती. फुली अजून बुडालेलीच दिसायची, म्हणून तो पुन्हा लाकडं घालायचा. काढा गडद झाला, पाकासारखा दाटला. पिंप भरलं नाही तेव्हा तो पुटपुटला, "आग जास्त झाली वाटतं." यीस्ट टाकताना तो असा गरजला की अंगणातला कुत्रा घराखाली शिरला.

दोन दिवसांत बिअर आंबली की ती काढायच्या दिवशी शेजाऱ्यांनी यायचं, ही आमची रीत. भर दुपारी घर माणसांनी भरलं. रंगवलेला लाकडी वाडगा हातोहात फिरू लागला. बिअर गोड होती, त्यामुळे जोर कळत नव्हता. दरवर्षी जेवढे वाडगे पचायचे त्याच्या निम्म्यातच म्हाताऱ्या आस्लाकची जीभ जड झाली. हा शेजारी एरवी मोठ्याने बोलत नसे, पण आज ओरडत होता. गुरो डाव्या हाताने वाढत होती. अनफिनने ते पाहिलं.

"वहिनी, उजवा हात का उचलत नाहीस?"

"पडले, भावजी."

"कोठाराच्या पायऱ्या फार माजल्यात हं, दादा," अनफिन भावाकडे बघत म्हणाला. "जमत नसेल तर सांग, मी येऊन तोडून टाकतो."

कोणीतरी हसलं. सिवर्ट उठला, मला खुंटीवरून ओढलं आणि सगळ्यांदेखत गुरोवर उगारलं. अनफिनने मला हवेतच पकडलं. तेव्हा सिवर्टने मला सोडलं, कमरेची सुरी उपसली आणि अनफिनचा तळहात टेबलाला खिळून टाकला. वाडग्यातली बिअर लाल झाली. मग एकाने दुसऱ्याला बाक घातला, आस्लाकचे दात जमिनीवर सांडले, खिडकी फुटली. सिवर्टने खाली पडलेल्या गुरोला बुटाने तुडवलं. हेरबोर्गने भांडी धुवायला हंड्यात तापवलेलं पाणी त्याच्या पायांवर ओतलं तेव्हा तो थांबला.

दुसऱ्या दिवशी अंमलदार आले. आस्लाक सुजलेल्या तोंडाने म्हणाला, "साहेब, यात माणसाचा दोष नाही. यीस्ट टाकताना आरोळीच वाईट पडली. राग बिअरमध्ये उतरला."

अनफिनने हाताला फडकं गुंडाळलं होतं. तोही म्हणाला, "नशेत झालं, साहेब. घरातलं आहे, घरात मिटेल."

सिवर्ट मान खाली घालून रडत होता. "बिअर इतकी कशी चढली, मलाच कळत नाही."

अंमलदारांनी टोपी उचलली. समज देऊन ते जाणार होते. ते गेल्यावर दार लागलं असतं, आणि सगळ्या गावासमोर झालेल्या अपमानाचा हिशेब मायलेकींच्या अंगावर चुकता झाला असता. हे मला ठाऊक होतं आणि हेरबोर्गलाही. ती आईच्या मागे भिंतीला चिकटून उभी होती.

"साहेब, जरा थांबा," गुरो म्हणाली. "मला पाणी मोजायचंय."

तिने डाव्या हाताने तोर्मोदची जुनी बादली उचलली. हेरबोर्ग मदतीला आली. दोघींनी आठ बादल्या रिकाम्या हंड्यात ओतल्या. गुरोने मला मधोमध उभं केलं. पाणी फुलीवर यायला हवं होतं. ते फुलीच्या चार बोटं वर आलं.

अंमलदार वाकून पाहत होते. "काठी आखूड झालीय."

"म्हणून बिअर चढली," गुरो म्हणाली. "आरोळीने नाही."

"मग चार बोटं गेली कुठे?"

तिने ॲप्रनच्या खिशातून माझा तुकडा काढून टेबलावर ठेवला. मग बटणं सोडून ब्लाऊज खांद्यावरून खाली घेतला. दंडापासून पाठीपर्यंत काळानिळा पट्टा होता, आणि त्यात माझ्या खाचा उमटल्या होत्या, कुठे दूरदूर, कुठे जवळजवळ. अंमलदारांनी मला त्या पट्ट्याशेजारी धरलं. एकही खाच चुकली नाही. मी आयुष्यभर खरं माप दिलं, पण इतकं खरं माप मला कधीच द्यायचं नव्हतं.

आस्लाकने भिंतीकडे तोंड फिरवलं. अनफिनने फडक्यातला हात टेबलावर माझ्या तुकड्याशेजारी ठेवला.

"साहेब, मघाशी मी खोटं बोललो," तो म्हणाला. "हात गेला माझा, तोंड आहे अजून. लिहून घ्या."

सिवर्टला ते घेऊन गेले. तो त्या घरात परत आला नाही. अनफिनची बोटं पुन्हा वळली नाहीत, आणि गुरोचा उजवा हात खांद्याच्या वर कधी गेला नाही.

पुढच्या नाताळला हेरबोर्गने तो तुकडा लाकडी खिळ्यांनी माझ्या पायाला जोडला. तासलेलं लाकूड भरून काढायला तिने मध्ये ज्युनिपरची एक चकती बसवली, आणि आठ बादल्या पाणी ओतून फुली ताडून पाहिली. यीस्ट टाकायची वेळ आली तेव्हा तिने आईला आधी बाहेर जायला सांगितलं. गुरो गेली नाही. हेरबोर्गने आरोळी ठोकली, गुरो दचकली, आणि मग दोघी हसल्या.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे. मला जपा असं मी सांगणार नाही, लाकूड काय, पुन्हा मिळतं. एवढंच मागते, की कोणाच्या घरी तुटकी काठी दिसली, तर ती कशी तुटली हे विचारून थांबू नका. कोणावर तुटली, ते विचारा.