गुड फ्रायडेला घंटा कुणी वाजवली?

मी चर्चमधली मात्राक बोलतेय. बोलून उपयोग नाही, हे ठाऊक आहे. म्हातारी इस्पेरांस क्रुसावर हात ठेवून सांगत होती, घंटा मी वाजवली नाही. अख्ख्या गावात एकानंही तिचं खरं मानलं नाही. मी तर लाकूड.

मी फणसाची फळी. दोन्ही अंगांना लोखंडी कड्या. हलवलं की कड्या आपटतात आणि खडखडाट होतो. आवाज गोड नाही, गोड असायचाही नाही. पवित्र गुरुवारच्या मिस्सेच्या प्रार्थनेपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत घंटा मुकी. देव मेलाय, घंटा कशी वाजेल? त्या दिवसांत गावाला मी बोलावायचे.

इस्पेरांसचा नवरा घंटा वाजवायचा. तो गेल्यावर मला तिनंच उचललं. दारोदार फिरायची. कुणी उठलं नाही तर दारातच खडखडवायची, "ऊठ रे जुजे, देव मेला आणि तू घोरतोस?" लोक शिव्या घालत, हसत, पण मागून येत. बायका वाटेनं उपासाची गाणी म्हणत.

मग बोटीवर नोकरी करून परतलेल्या एका मोठ्या माणसानं यंत्र दिलं. तीनच्या नव्या प्रार्थनेसाठी रोज दुपारी कर्ण्यातून घंटा, आपोआप. दारोदार जायचं बंद, आता फोनवर निरोप. गाणी संपली. मला यंत्राच्या कपाटाखाली सारलं, ओल लागू नये म्हणून. यंत्राला हो, मला नव्हे.

म्हणून मला सगळं कळलं. गेल्या वर्षी पवित्र गुरुवारी फादरांनी त्या बोटीवाल्याला यंत्र बंद करायला सांगितलं. त्यानं कपाट उघडलं, तेवढ्यात फोन आला. फेस्ताच्या सणातल्या बँडबद्दल हसत बोलत राहिला, कुलूप लावलं, चावी खिशात घातली, गेला. यंत्र चालूच.

शुक्रवारी तीनला सगळे गुडघ्यांवर. आणि वर कर्ण्यातून घंटा घणघणली, लग्नात वाजते तशी.

इस्पेरांस दाराजवळ होती. यंत्राला नावं ठेवणारी तीच, मग तिनंच कळ दाबली, दोष तिचाच. बोटीवाला हळूच, मावशीला समजवावं तसं, म्हणाला, "मी बंद केलं होतं, तिया. वय झालं की हात चळतात."

"चळले असते तर चाळीस वर्षं तुम्हाला उठवलं कुणी?" ती म्हणाली.

 कुलपाची चावी कुणाकडे, एवढं विचारायला फादरांचंही तोंड उघडलं नाही. यंत्र फुकट आलं होतं ना.

यंदा इस्पेरांस चर्चला आलीच नाही. मला वाळवी लागलीय. पुन्हा वाजवायला बाहेर काढू नका, हवं तर चुलीत घाला. पण आधी तिच्या दारी जा, माफी मागा, आणि घंटा ज्याच्यामुळे वाजली त्याचं नाव मोठ्यानं घ्या. एव्हारिश्त कुलासो.