दुपारची गोळी

अर्धी गोळी मुठीत होती आणि घामानं ती आता चिकट व्हायला लागली होती… अडकित्त्यानं कापलेली, एका कडेनं भुगा झालेली, पिवळट. कौशल्येनं मूठ पदराखाली ओढून घेतली. मंगल कार्यालयातले पंखे नुसतेच गरगरत होते, वारा कुणालाच लागत नव्हता. स्टेजवर झेंडूच्या कमानीखाली तिचे दीर सोपानराव बसले होते, आज त्यांचा वाढदिवस. आणि इथं तिच्या शेजारच्या खुर्चीत त्यांचा सख्खा थोरला भाऊ, तिचा नवरा आबाजी, हळूहळू लाकूड होत चालला होता. गोळी मघाशीच द्यायची होती. पाण्याची बाटली पायाशी पिशवीत होती, हात पुढं केला की झालं. तिनं हात पुढं केला नाही.

बघू दे. अख्ख्या भावकीला बघू दे एकदा! सकाळची गोळी चढलेली असली म्हणजे हा माणूस चारचौघांसारखा चालतो, रामराम घालतो, आणि लोक म्हणतात, आबाजी तर चांगला ठणठणीत आहे की. ठणठणीत! गोळी उतरली की याचं काय होतं ते यांच्यापैकी एकानं तरी पाहिलंय? पाय फरशीला खिळतात, तोंडातून लाळ गळते, सदऱ्याचं बटण लावायला अर्धी सकाळ जाते. ते बघायला कुणी आलं नाही. मग आज तेच घेऊन आलेय मी, तुमच्या दारात, तुमच्या सनईच्या रेकॉर्डवर… या विचाराची तिला पहाटेपासून गोडी लागली होती.

गोडी कसली, तहान म्हणावं. चाकणच्या रस्त्याला लागून असलेलं ते रान गेलं त्या दिवसापासूनची. “दादा, तुला कचेरीत खेटे कशाला, मी बघतो ना सगळं,” असं म्हणून सोपानरावांनी मुखत्यारपत्रावर याची सही घेतली होती, आणि हा… हा शहाणा, धाकट्या भावापुढं कागद वाचून बघणं म्हणजे त्याचा अपमान, असं समजणारा. वाटणी झाली तेव्हा रस्त्याकडची जमीन सोपानरावांच्या नावावर आणि ओढ्याकडची खडकाळ पट्टी याच्या. रस्त्याकडच्या जमिनीवर आज कंपनीचं गोडाऊन आहे, महिन्याला भाडं येतं. ओढ्याची पट्टी लेकीच्या लग्नात विरघळली. आबाजी भोसरीत वर्कशॉपला लागला, दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, आणि तेव्हापासून भावकीत बोलणं बंद… हळदीकुंकू नाही, मयताला जायचं तेवढं जायचं आणि पाणी न पिता परत यायचं.

मग हा आजार आला. आधी वाटलं, मशीनवर उभं राहून हात थरथरतो. डॉक्टरांनी पार्किन्सन म्हणून नाव सांगितलं तेव्हा आबाजी हसून म्हणाला होता, “नाव तर साहेबाचं हाय.” तेव्हा अजून हसता यायचं त्याला. आता चेहराही आखडलाय, राग आला की आनंद झाला ते वरून कळत नाही.

आणि गोळ्या! जन्मभर घ्यायच्या, दिवसातून कितीदा तरी घ्यायच्या, आणि दरवर्षी वाढत जाणाऱ्या. कुठं कुठं नाही हिंडली ती? सरकारी योजनेच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, ऑपरेशन असलं तर बसवू मावशी, घरी खायच्या गोळ्या यात बसत नाहीत. स्वस्त औषधांच्या दुकानात एक मिळायची, दुसरी नाही. आबाजी ज्या वर्कशॉपात राबला तिथले मालक म्हणाले, आमच्याकडं तो कंत्राटावर होता. शेवटी ती गोळ्या अडकित्त्यानं कापायला लागली. एक गोळी अर्धी करायची आणि अर्ध्यावर माणूस जितका चालेल तितका चालवायचा. डॉक्टर ओरडले. ओरडायला काय जातं त्यांचं!

धर्मादाय दवाखान्यातली भाग्यश्री मॅडम तेवढी चांगली भेटली. पेशंटला मदत कुठून मिळवून द्यायची, हेच तिचं काम. तिनं पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, “काकू, चाकणच्या कारखानदारांचा एक ट्रस्ट आहे. त्या भागातल्या मूळच्या लोकांना ते वर्षभराची औषधं देतात, पूर्ण. फक्त तिथल्या स्थानिक समितीची शिफारस लागते.” कौशल्येचा जीव केवढा भांड्यात पडला होता! मग भाग्यश्री मॅडमनं समितीच्या अध्यक्षांचं नाव वाचलं. तिनं ते वाचलं आणि वर बघून विचारलं, “तुमचं आडनाव पण हेच ना? नात्यातले आहेत का?”

नात्यातले आहेत. हो बाई, नात्यातलेच आहेत!

तरी तिनं अर्ज दिला. सोपानरावांचा निरोप आठवड्यात आला. शिफारस झालीय, औषधांची पेटी वाढदिवसाच्या कार्यक्रमात देऊ, पेशंटला घेऊन या. पेशंटला घेऊन या… फोटो काढायचा असणार, फ्लेक्सवर लावायचा असणार. ती रात्रभर जळत पडली होती आणि पहाटे कधीतरी तिच्या डोक्यात ते आलं, आपोआप, चुलीवर दूध वर यावं तसं. दुपारची गोळी द्यायचीच नाही. फोटोत हा असाच येऊ दे.

“कौसे,” आबाजी पुटपुटला. आवाज इतका बारीक की तिला कान जवळ न्यावा लागला. “गोळी?”

“आहे अजून वेळ,” ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग तिच्या पदराकडं, जिथं मूठ होती. मान परत समोर नेली. तेवढ्यालाही त्याला बराच वेळ लागला.

माइकवरून नाव पुकारलं गेलं. ती त्याला धरून उठली, खुर्च्यांच्या दोन रांगांमधून घेऊन निघाली, आणि स्टेजच्या पायऱ्या समोर दिसताच तो थांबला. थांबला म्हणजे गोठला. धड पुढं झुकलेलं, पाय मागंच. ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार लोंबली. तिनं पुसली नाही. सनई बंद झाली. पुढच्या रांगेतली चुलत सासू “अगं बाई” म्हणून तोंडाला पदर लावून बसली. माणसं उठून उठून बघू लागली, आणि कौशल्येनं मान ताठ केली, सरळ सोपानरावांच्या डोळ्यांत बघितलं. बघा. बघा की! हा तुमचा दादा. याची जमीन खाल्लीत तुम्ही.

सोपानराव उठले. गळ्यातला हार काढून त्यांनी कुणाच्या तरी हातात दिला, पायऱ्या उतरून खाली आले आणि सगळ्या भावकीसमोर, पांढऱ्याशुभ्र कपड्यांनिशी, फरशीवर गुडघे टेकून त्यांनी आबाजीच्या त्या खिळलेल्या पायांवर डोकं ठेवलं.

“दादा,” ते म्हणाले. आवाज भरून आलेला. खरा होता की खोटा, देव जाणे.

आधी एक टाळी वाजली, मग सगळं कार्यालय वाजायला लागलं. कुणीतरी ओरडलं, “भाऊ असावा तर असा, राव!” फोटोवाला खुर्चीवर चढला. चुलत सासू आता रडत होती, चांगली हुंदके देऊन. कौशल्या उभी होती, हातात नवऱ्याचं कोपर, आणि तिला दिसत होतं की येत्या दोन दिवसांत हाच फोटो चाकण चौकात लागणार आहे, वीस फुटी. तिनं नवरा लाकूड करून आणला होता आणि सोपानरावांनी त्याचा देव केला होता. वरून पाया पडून मोकळे!

उठता उठता ते तिच्याजवळ आले. हळूच म्हणाले, “वहिनी, औषधं वेळेवर देता ना याला? वर्षभर आता काळजी नाही.”

त्यांना कळलं होतं की सहज विचारलं होतं? तिनं घाईघाईनं मूठ उघडली, ओलसर गोळी आबाजीच्या जिभेवर ठेवली, बाटली लावली. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं.

जेवायला थांबा म्हणून सगळ्यांनी आग्रह केला. ती थांबली नाही. कुणीतरी आणून दिलेली पेटी काखेत, नवरा हाताला, असं करत ती रस्त्यावर आली. कंटेनर आणि ट्रकांच्या धुरळ्यात शेअर रिक्षाची वाट बघत दोघं एका बंद टपरीच्या फळीवर टेकले. पेटी जड होती, वर्षाची औषधं होती, पाहिजे होतं ते सगळं मिळालं होतं. आणि तिला ती पेटी ट्रकखाली फेकून द्यावीशी वाटत होती. मेल्याला सगळं पचतं. जमीन पचली, आता माझा हा माणूसही पचवला…

बऱ्याच वेळानं आबाजीची बोटं सैल झाली. गोळी चढत होती.

“दिली न्हाईस तू गोळी,” तो म्हणाला.

“विसरले.”

“तू न्हाई इसरायची.”

एक ट्रक गेला, दुसरा गेला.

“मला सांगायचं व्हतंस, कौसे,” आबाजी म्हणाला. “मी सोताच घेतली नसती.”

तिनं झटकन त्याच्याकडं पाहिलं. काय म्हणाला हा? मीही तुझ्याबरोबर असतो म्हणाला, की माझं अंग मला न विचारता का वापरलंस म्हणाला? सोपानरावांनी न सांगता सही घेतली आणि मी न सांगता हे त्याचे पाय, हे तोंड, ही लाळ… नाही, नाही, तसं नाही ते, मी त्याच्यासाठीच केलं. त्याच्यासाठीच ना? की मघाशी त्याची लाळ लोंबत असताना माझी मान ताठ झाली, ती माझ्यासाठी?

“रागावलात?” तिनं विचारलं.

“पुढल्या साली परत बोलावत्याल,” तो म्हणाला. “तवा सांग.”

ती त्याच्या चेहऱ्यात शोधत राहिली. डोळ्यांच्या कडेला, ओठांच्या कोपऱ्यात, पूर्वी जिथं हसू फुटायच्या आधी सुरकुती पडायची तिथं. टोमणा होता की वचन? चेहरा नुसता समोर बघत होता, गुळगुळीत, काहीच न सांगणारा. भोसरीची रिक्षा येऊन थांबली, रिक्षावाला “बसताय का?” म्हणाला, आणि ती अजून त्याच्याकडंच बघत होती, कारण उत्तर कळेपर्यंत त्याचा हात धरायची तिला भीती वाटत होती.